घड्याळ तेच, ठेका नवा

विजेवर चालणाऱ्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या पोटात वेळ मोजणारं काहीही नसतं. लंबक नसतो, केसासारखी स्प्रिंग नसते, क्वार्ट्‌झचा स्फटिक नसतो. एक छोटी मोटार, दातेरी चाकांची एक माळ आणि मागून निघालेली वायर, एवढाच संसार. वेळ येते ती त्या वायरमधून. वीज ज्या लयीत उलटसुलट होते ती लय मोटार पकडते, चाकं ती वाटून घेतात आणि काटे ती आपल्याला दाखवतात. कवितेचं रसग्रहण करावं तसं यंत्राचंही करता येतं, असं मला मनापासून वाटतं. आणि इतक्या थोड्या भागांत इतका मोठा आशय मांडणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

माझ्यासमोर आहे ते टेलिक्रॉन कंपनीचं, स्वयंपाकघरात लावायचं घड्याळ. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या सामानातून बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावात आलेलं. त्याचा कर्ता हेन्री वॉरन (१८७२–१९५७), मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अ‍ॅशलंड गावचा अभियंता. १९१२ साली त्याने कंपनी काढली ती बॅटरीवर चालणाऱ्या लंबकाच्या घड्याळांसाठी. पुढे त्याच्या मनात आलं की वीजकेंद्रातून घरोघर एक ठरावीक लय जातेच आहे, तर प्रत्येक घरात वेगळा लंबक कशाला हवा? त्या लयीबरोबर फिरणारी मोटार त्याने बनवली. मोटार उत्तम चालली, वेळ मात्र जुळेना. कारण वीजकेंद्रातच लय नेमकी राखली जात नव्हती. दिव्यांना आणि कारखान्यांच्या मोटारींना तिची गरजच नव्हती. थोडं कमी-जास्त झालं तरी त्यांचं काम चालत होतं.

इथे वॉरनची प्रतिभा दिसते. घरातलं घड्याळ चुकतं म्हणून त्याने घड्याळ बदललं नाही, तो थेट वीजकेंद्रात गेला. बॉस्टन एडिसन कंपनीच्या एल स्ट्रीट केंद्रात २३ ऑक्टोबर १९१६ रोजी त्याचं मास्टर क्लॉक बसलं. त्याच्या तबकडीवर एकाच केंद्राभोवती दोन काटे फिरत. एक काटा चाले लंबकाच्या अचूक घड्याळावर, दुसरा तिथेच तयार होणाऱ्या विजेवरच्या मोटारीवर. ऑपरेटरने दोन्ही काटे एकावर एक ठेवायचे. विजेचा काटा मागे पडला तर टर्बाइनला वाफ थोडी वाढवायची, पुढे गेला तर थोडी कमी करायची. त्या दोन काट्यांमधलं अंतर मिटलं आणि बॉस्टनमधली अशी सगळी घड्याळं एकदम बरोबर चालू लागली. माझ्या मते या कलाकृतीचा आशय इथेच आहे: घड्याळ दुरुस्त करायचं नसतं, त्याचा ठेका दुरुस्त करायचा असतो.

आता रचना पाहू. मागचं झाकण काढलं की तारांचं एक वेटोळं आणि पितळी रंगाची एक बंद डबी दिसते. त्या डबीत तेल भरलेलं असतं आणि तेलात पोलादाच्या पातळ चकत्यांचा रोटर फिरतो. वेटोळ्यातून जाणारी वीज चुंबकाचे दोन ध्रुव उलटसुलट करते. पण नुसत्या उलटसुलट होण्याने रोटर फिरणार नाही, जागच्या जागी थरथरत राहील. म्हणून प्रत्येक ध्रुवाच्या एका कोपऱ्यात तांब्याचं छोटं कडं बसवलेलं असतं. त्या कड्यामुळे कोपऱ्यातलं चुंबकत्व किंचित उशिरा पोहोचतं. ध्रुवाचा एक भाग आधी जागा होतो, दुसरा मागून; त्यामुळे चुंबकत्व एका दिशेने सरकू लागतं आणि रोटरला आपल्या मागे ओढून नेतं. बोटाच्या टोकावर मावेल एवढं तांबं रोटरने कोणत्या दिशेने फिरायचं ते ठरवतं. इतकी काटकसर चांगल्या अभंगात दिसते.

अमेरिकेत वीज सेकंदाला ६० सायकलची. तिथे हा रोटर मिनिटाला ३६०० फेऱ्या घेतो, चाकांच्या माळेतून त्या ३६०० फेऱ्यांची सेकंदकाट्याची एक फेरी होते. काटा टिकटिक करत नाही, सलग वाहत राहतो. तेलामुळे आवाजही नाही, फक्त बारीक गुणगुण.

आपल्याकडे वीज ५० सायकलची, तेव्हा तोच रोटर ३००० फेऱ्या घेतो. हा आकडा नीट वाचावा. शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघालं की वाटेत पारस लागतं. तिथल्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि त्यांचे रोटरही मिनिटाला ३००० फेऱ्याच घेतात, कारण दोन ध्रुवांच्या जनित्रातून ५० सायकलची वीज निघायला तोच वेग लागतो. टनावारी वजनाचा तो रोटर आणि खामगावच्या स्वयंपाकघरातला हा चिमुकला रोटर, मध्ये कित्येक किलोमीटर तारा असूनही एकाच पावलाने चालतात. शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या दिंडीतला टाळकरी जसा स्वतः ताल धरत नाही, पखवाजाच्या तालावर पाऊल टाकतो, तसं हे घड्याळ आहे. त्याचं मोठेपण त्याच्या निष्ठेत आहे. पण या निष्ठेची एक किंमत आहे: पखवाज हलला की टाळही हलणारच.

ती किंमत वॉरनलाही ठाऊक होती. याच जातीच्या जुन्या घड्याळांच्या तबकडीवर एक छोटी खिडकी असते. लाइट गेली की तिच्यात लाल ठिपका येतो आणि लाइट परत आली तरी कोणीतरी हात लावेपर्यंत तो तसाच राहतो. कारण आपोआप चालू होणारं घड्याळ मोठा धोका देतं. ते पुन्हा छान फिरू लागतं, पण मधली दहा मिनिटं त्याच्या हिशेबात नसतात आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. लाल ठिपका सांगतो, मी मध्ये थांबलो होतो, माझ्यावर विसंबू नका. इंग्लंडमधल्या काही कारागिरांनी याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. त्यांची घड्याळं लाइट गेल्यावर थांबत ती थांबतच. मागची घुंडी फिरवल्याशिवाय चालू होत नसत. चुकीची वेळ दाखवण्यापेक्षा थांबलेलं बरं, हा त्यामागचा विचार. यंत्राच्या प्रामाणिकपणाची चर्चा शंभर वर्षांपूर्वी इतक्या गंभीरपणे झाली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता या घड्याळाचा बुलढाणा जिल्ह्यातला प्रयोग पाहू. अमेरिकेतून वस्तू आली की घरचे पहिल्यांदा व्होल्टेज बघतात. ११० व्होल्टची वस्तू आहे म्हणून ट्रान्सफॉर्मर आणतात, घड्याळ लावतात, ते फिरू लागतं. दुपारपर्यंत मात्र ते तासाभराने मागे पडलेलं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, सायकल बदलत नाही. ६० साठी बांधलेल्या चाकांना ५० मिळाले की तासाची ५० मिनिटं होतात आणि दिवसाचे २० तास. रोज चार तास मागे, म्हणजे बारा तासांच्या तबकडीवर हे घड्याळ तीन दिवसांतून एकदाच बरोबर वेळ दाखवणार. यात बिघाड काहीच नाही. घड्याळ आपलं काम चोख करतं आहे, त्याला दिलेला ठेका परका आहे. पण मग 'मशीन गेलं' असं म्हणून ही घड्याळं माळ्यावर जातात.

उशाशी ठेवायच्या, लाल आकड्यांच्या रेडिओ-घड्याळांचंही तसंच. त्यांच्यात मोटार नाही, चिप आहे. तरी त्यातली बहुतेक विजेचे ठोकेच मोजतात. एलएम ८५६० ही त्यातली गाजलेली चिप. तिला ५० की ६० ते सांगणारी एक पिन असते. ती पिन कुठे जोडली आहे ते पाहून एक जोड बदलली की परदेशी घड्याळ आपली वेळ दाखवू लागतं. ज्याला सोल्डरिंग येतं त्याच्यासाठी हे काम अवघड नाही.

५० सायकलसाठीच बनवलेलं घड्याळ असलं, तरी आपला पखवाज किती स्थिर आहे हा प्रश्न उरतोच. दिवसाचे ८६,४०० सेकंद आणि सेकंदाला ५० ठोके, म्हणजे दिवसाला ४३ लाख २० हजार ठोके. एवढे मिळाले तर घड्याळ बरोबर. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जनित्रांच्या रोटरवर भार येतो, ते किंचित मंदावतात आणि ठोके कमी पडतात. मागणी ओसरली की उलट होतं. टंचाईच्या वर्षांत संध्याकाळी ही वारंवारिता ४९ च्याही खाली जाई. पूर्ण दिवस ४९ वर गेला तर घड्याळ जवळजवळ २९ मिनिटं मागे पडतं. त्या काळात अशा घड्याळाचे काटे म्हणजे विजेच्या टंचाईची रोजनिशीच होती. कोणत्या प्रहरी ओढाताण झाली ते त्यांच्यावर वाचता आलं असतं.

पुढे परिस्थिती सुधारली आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धत आली. वारंवारिता घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर जास्त पैसे मोजावे लागू लागले, आणि शिस्त आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाशी जोडलं आणि सगळा देश एका लयीत आला. २०१४ पासून ग्रिड संहितेने ४९.९० ते ५०.०५ असा अरुंद पट्टा ठरवला. दिव्यांना, पंपांना, कारखान्यांना हा पट्टा पुरेसा आहे. घड्याळाला नाही. दिवसभर ४९.९० राहिली तर घड्याळ १७३ सेकंद मागे पडेल आणि ५०.०५ राहिली तर ८६ सेकंद पुढे जाईल. पट्टा खालच्या बाजूला मोठा आहे, हेही ध्यानात घ्यावं.

युरोपात ठोक्यांची बेरीजही जुळवतात. चूक वाढली की दुसऱ्या दिवशी ५०.०१ किंवा ४९.९९ वर ग्रिड चालवून रोज सुमारे १७ सेकंद भरून काढतात. तिथेही २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्हो यांच्या वादात वीज कमी पडली. सरासरी फक्त ४९.९९६ वर उतरली. तरी मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खंडभरची ओव्हनवरची आणि रेडिओतली घड्याळं सुमारे सहा मिनिटं मागे पडली. एका तारेने बांधलेल्या घड्याळांचं नशीबही एकच असतं.

आपल्या गावातही हा हिशेब रोज दिसतो, फक्त तो घड्याळाचा म्हणून आपण वाचत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांच्या पेटीत जुना मोटारीचा टाइमर असतो. लाइट चार तास गेली की तो चार तास थांबतो आणि मग चार तास उशिरा दिवे लावतो, चार तास उशिरा विझवतो. भर उन्हात जळणारे दिवे पाहून आपण कर्मचाऱ्याला दोष देतो. खरा दोष असतो वेळेचा स्वतंत्र आधार नसण्याचा. नवे टाइमर बॅटरीच्या जोरावर वेळ धरून ठेवतात आणि गावाचे अक्षांश-रेखांश दिले की सूर्यास्त स्वतः काढतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, बुलढाणा ७६.२ च्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २५ मिनिटं मागे चालतो. टाइमरला हे सांगितलं की दिवे गावाच्या अंधाराशी जुळतात.

मग घरातल्या घड्याळाला चांगला ठेका कुठून द्यायचा? पहिली पायरी क्वार्ट्‌झची. हातातल्या साध्या घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. साधा स्फटिक दिवसाला दीड-दोन सेकंद चुकू शकतो. शिवाय तो २५ अंशांसाठी घडवलेला असतो. तापमान त्याच्या वर गेलं काय, खाली गेलं काय, तो मंदावतोच. घाटावरच्या बुलढाण्यात हे फारसं जाणवणार नाही. घाटाखाली शेगाव-खामगावात मे महिन्यात खोली ४२ अंशांवर राहिली तर एवढ्यानेच दिवसाला पाऊण-एक सेकंद मागे पडतो. म्हणून दुसरी पायरी डीएस ३२३१ सारख्या चिपची. ती स्वतःचं तापमान मोजते आणि त्याप्रमाणे स्वतःला सावरते. ० ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला फार तर मिनिटभर.

तिसरी पायरी आकाशातली. जीपीएसचा छोटा रिसीव्हर उपग्रहांवरच्या अणुघड्याळांकडून दर सेकंदाला एक अचूक ठोका आणून देतो. आपल्या नाविक मालिकेतल्या एनव्हीएस-०१ या २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहावर तर भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे. बॉस्टनमध्ये वॉरनने लंबकाला जे काम दिलं, तेच काम आता उपग्रह करतो.

हा ठेका घड्याळापर्यंत पोहोचवायची बाकीची मांडणी साधी आहे. १२ मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकावर चालणारा मायक्रोकंट्रोलर दोन लाख ठोके मोजून ६० सायकलचं एक आवर्तन तयार करतो. ५० हवे असतील तर दोन लाख चाळीस हजार. उपग्रहाचा ठोका त्याला दर सेकंदाला तपासतो. ही लहर शक्यतो गोलाईची असावी, चौकोनी लाटेवर मोटार गरम होते आणि कुरकुरते. एक लहान ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर तिला बळ देतो आणि उलटा जोडलेला साधा ट्रान्सफॉर्मर ती ११० व्होल्टपर्यंत चढवतो. मोटारीला दोन-तीन वॅट पुरतात, म्हणून १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी जोडली तर दहा-बारा तासांचं भारनियमनही निभावतं. लाल ठिपका वर यायची वेळच येत नाही.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट चूक भरून काढण्याची आहे. घड्याळ अर्धा मिनिट मागे आहे असं समजा. काट्यांना हात लावायचा नाही. त्याला थोडा वेळ ६० ऐवजी ६१ सायकल द्यायच्या. दर मिनिटाला ते एक सेकंद जास्त चालतं आणि अर्ध्या तासात बरोबर वेळेवर येतं. पुन्हा ६०. बघणाऱ्याला काटा फक्त वाहताना दिसतो. युरोपचं ग्रिड खंडभर जे करतं आणि वॉरनचा ऑपरेटर वाफेच्या झडपेने जे करत होता, तेच आता वहीएवढ्या सर्किटवर घडतं.

आणि कान देऊन ऐकलं तर ते ऐकूही येतं. विजेच्या प्रत्येक आवर्तनात चुंबक दोनदा ओढतो, म्हणून ५० सायकलवर घड्याळाची गुणगुण सेकंदाला १०० कंपनांची असते आणि ६० वर १२०. हे गुणोत्तर पाचास सहा. पहिला स्वर षड्ज मानला तर दुसरा नेमका कोमल गंधार. खामगावच्या विजेवर सा लावून बसलेलं हे घड्याळ नव्या सर्किटवर आपल्या मूळ स्वरावर जातं. त्या क्षणी त्याचा सेकंदकाटाही इथे पहिल्यांदा खऱ्या मिनिटात फेरी पुरी करतो.

सोपी वाट दुसरी आहे, आणि बाजारात तीच सर्रास निवडतात: जुनी मोटार उचकटून फेकायची आणि सेलवर चालणारं स्वस्त मशीन बसवायचं. तबकडी जुनी राहते, पण कलाकृती संपते. वाहणारा काटा जातो, तांब्याचं कडं जातं, लाल ठिपक्याचा प्रामाणिकपणा जातो आणि घड्याळ ज्या विचारावर उभं होतं तो विचारच जातो. ज्या यंत्राने वेळ स्वतः कधी मोजली नाही, त्याला वेळ मोजता येत नाही म्हणून काढून टाकणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. त्याने मागितलं होतं ते फक्त विश्वास ठेवावा असं काहीतरी. वॉरनने त्याला लंबक दिला, आपण उपग्रह देऊ शकतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरी माळ्यावर विजेचं जुनं घड्याळ असेल तर ते भंगारात देऊ नका. आधी मागची पट्टी वाचा: किती व्होल्ट, ५० की ६०. वायरचं वेष्टण तडकलं असेल तर ती आधी बदलून घ्या आणि उघडायचं काम विजेची जाण असलेल्या माणसाकडेच द्या. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारं मूल घरात असेल, तर वर सांगितलेलं सर्किट त्याला प्रकल्प म्हणून करायला सांगा. मोटार फिरते आहे तोवर मशीन बदलू नका, ठेका बदला.